मानवी एनगॅलची अँटिबॉडी: कुपी उघडण्याआधीपासून निकाल वाचेपर्यंत

हृदयशस्त्रक्रियेनंतर एखाद्या लहान मुलाच्या मूत्रपिंडाला इजा झाली, तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) ते सांगतं, पण एक ते तीन दिवसांनी. तोवर हातातली बरीच वेळ निघून गेलेली असते. २००५ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथले बालमूत्रपिंडतज्ज्ञ प्रसाद देवराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा ७१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या २० मुलांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. त्या मुलांच्या लघवीत एका छोट्या प्रथिनाचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर दोन तासांतच मिलिलिटरमागे सरासरी १.६ नॅनोग्रॅमवरून १४७ नॅनोग्रॅमवर गेलं होतं. ते प्रथिन म्हणजे एनगॅल. पूर्ण नाव न्यूट्रोफिल जिलेटिनेझ-असोसिएटेड लिपोकॅलिन, दुसरं नाव लिपोकॅलिन-२.

हे प्रथिन शोधायला जी अँटिबॉडी लागते, तिची पहिली कुपी ज्यांच्या हातात नुकतीच पडली आहे, त्यांच्यासाठी हा लेख. एमएस्सीचा प्रकल्प असेल, पीएचडीचं पहिलं वर्ष असेल किंवा रुग्णालयाच्या संशोधन विभागातली नवी नोकरी असेल. पिपेट धरता येतं आणि वेस्टर्न ब्लॉट एकदा कुणाचा तरी बघितलेला आहे, एवढं मी गृहीत धरते.

आधी प्रथिनाची ओळख करून घ्या

कुपी फ्रीजमध्ये ठेवा आणि अर्धा तास वाचायला बसा. हा अर्धा तास पुढचे तीन आठवडे वाचवतो.

एनगॅल पहिल्यांदा वेगळं काढलं ते डेन्मार्कमध्ये, १९९३ साली, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतून. न्यूट्रोफिलच्या कणिकांमध्ये ते साठवलेलं असतं आणि जिलेटिनेझ नावाच्या विकराला चिकटलेलं सापडलं, म्हणून हे लांबलचक नाव. त्याचं काम पुढे उलगडलं. जिवाणूंना वाढायला लोह लागतं. ते मिळवण्यासाठी जिवाणू लोह पकडणारे छोटे रेणू बाहेर सोडतात. एनगॅल नेमके तेच रेणू आपल्या पेल्यासारख्या खोबणीत अडकवून ठेवतं, आणि जिवाणू उपाशी राहतो. म्हणजे मुळात हे संसर्गाशी लढणारं, दाह सुरू झाला की वाढणारं प्रथिन आहे. मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झाली की तिथल्या पेशीही ते मोठ्या प्रमाणात बनवू लागतात.

या दोन वाक्यांतच तुमच्या कामाची सगळी अडचण दडलेली आहे. एनगॅल न्यूट्रोफिलमधूनही येतं आणि मूत्रपिंडातूनही. अँटिबॉडी प्रथिन ओळखते, ते कुठून आलं हे तिला कळत नाही. ते कळून घेण्याची सोय तुम्हाला प्रयोगाच्या मांडणीतच करावी लागते, आणि या लेखातल्या बहुतेक सूचना त्यासाठीच आहेत.

आता आकडे. तयार प्रथिन १७८ अमिनो आम्लांचं. नुसत्या साखळीचं वजन साधारण २०.५ किलोडाल्टन, पण त्याच्यावर एका जागी शर्करा जोडलेली असते, त्यामुळे जेलवर ते २५ किलोडाल्टनच्या आसपास दिसतं. दोन रेणू गंधकाच्या बंधाने जोडले गेले की सुमारे ४५ किलोडाल्टनची जोडी होते. जिलेटिनेझ-बी, म्हणजेच एमएमपी-९, याच्याशी जोडलं गेलं की सुमारे १३५ किलोडाल्टन. २५, ४५ आणि १३५ हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नलिकांच्या पेशी मुख्यतः एकेरी रूप सोडतात. न्यूट्रोफिलमधून जोडी भरपूर येते. हा फरक पुढे कामाला येतो.

डेटाशीट वाचणं हे पहिलं प्रात्यक्षिक

नव्या मुलांची सवय अशी, की डेटाशीटवरचा डायल्यूशनचा, म्हणजे किती पातळ करायचं याचा, आकडा बघायचा आणि कामाला लागायचं. त्याआधी पुढच्या गोष्टी शोधा.

अँटिबॉडी कोणत्या प्राण्यात बनवली आहे? ससा, उंदीर की शेळी? दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे पहिलीला चिकटून संकेत देणारी, त्यावर ठरते. सशाची असेल तर सशाविरुद्धची, शेळीची असेल तर शेळीविरुद्धची. इथे चूक झाली तर ब्लॉट कोरा येतो आणि माणूस आठवडाभर भलतीकडेच कारण शोधत बसतो.

मोनोक्लोनल की पॉलिक्लोनल? मोनोक्लोनल प्रथिनावरची एकच जागा ओळखते. ती जागा प्रथिन उलगडल्यावर हरवणारी असेल, तर अलायझात (खळग्यांच्या प्लेटवर रंगाने प्रथिन मोजण्याच्या पद्धतीत) उत्तम चालणारी अँटिबॉडी वेस्टर्नमध्ये मुकी होते. पॉलिक्लोनल अनेक जागा ओळखते, त्यामुळे ती जास्त समजूतदार. पण लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, बदलला की वागणं थोडं बदलू शकतं. म्हणूनच डेटाशीटवर ती कोणकोणत्या पद्धतीत तपासली आहे ते बघायचं. तुमची पद्धत त्या यादीत नसेल, तर ती चालेल की नाही हे सिद्ध करण्याचं काम तुमचं.

प्राणीप्रजाती. मानवी एनगॅल आणि उंदराचं एनगॅल यांची अमिनो आम्लं साधारण ६० टक्क्यांच्या आसपासच जुळतात. मानवी प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी उंदराच्या मूत्रपिंडावर वापरून ‘काहीच दिसत नाही’ म्हणणारे मी पाहिले आहेत. उंदरावर काम करायचं असेल तर उंदरासाठीची वेगळी अँटिबॉडी मागवा. जुन्या शोधनिबंधांत उंदराच्या या प्रथिनाला २४पी३ म्हणतात, शोधताना ते नावही वापरा.

शेवटी, कुपीत काय काय मिसळलं आहे? सोडियम अझाइड असेल तर एक लक्षात ठेवा: ते एचआरपी या विकराचं, म्हणजे दुय्यम अँटिबॉडीला जोडलेल्या आणि संकेत देणाऱ्या विकराचं, काम बंद पाडतं. मूळ कुपीतलं अझाइड डायल्यूशननंतर आणि धुण्यानंतर नगण्य राहतं, पण एचआरपी जोडलेल्या अँटिबॉडीच्या बफरमध्ये ते कधीही घालू नका. आणि तुम्हाला अँटिबॉडीला स्वतः बायोटिन किंवा रंगद्रव्य जोडायचं असेल, तर अझाइड, अल्ब्युमिन किंवा ग्लायसिन नसलेलीच कुपी मागवा.

पार्सल आल्यावर

अशा अँटिबॉडी बहुतेक वेळा परदेशातून, वितरकामार्फत येतात. पार्सल शुक्रवारी संध्याकाळी आलं आणि सोमवारपर्यंत टेबलावर राहिलं, असं होऊ देऊ नका. घेणाऱ्या माणसाचा फोन नंबर ऑर्डरवरच नोंदवा. आल्याबरोबर बर्फाच्या पिशव्या गार आहेत का बघा, फोटो काढा, कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर वहीत उतरवा. कोरडी पावडर काही दिवस उबदार राहिली तरी सहसा टिकते. द्रव अँटिबॉडी वितळून गरम झालेली दिसली तर त्याच दिवशी वितरकाला लिहा.

पावडर असलेली कुपी थेट उघडू नका. पावडरचा पातळ थर झाकणालाही चिकटलेला असतो, म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवून घ्या. मग निर्जंतुक पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर) घाला. समजा कुपीत १०० मायक्रोग्रॅम आहे. ५०० मायक्रोलिटर घातलं की द्रावण मिलिलिटरमागे ०.२ मिलिग्रॅम होईल, म्हणजेच मायक्रोलिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम. १५ ते ३० मिनिटं तसंच राहू द्या, अधूनमधून हळूच उलटं-सुलटं करा. व्हॉर्टेक्स करू नका. फेस आला की प्रथिन बिघडतं.

आता ५० मायक्रोलिटरचे दहा अलिकॉट, म्हणजे छोटे वाटे, करा. का ५०? कारण ५० मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी आहे, आणि ती १० मिलिलिटर बफरमध्ये घातली की मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम मिळतं. वेस्टर्नसाठी सुरुवात करायला हे प्रमाण बरं पडतं. एक अलिकॉट, एक ब्लॉट. पुन्हा गोठवणं नको, वितळवणं नको. अलिकॉट उणे २० किंवा उणे ८० ला ठेवा. मात्र घरच्यासारखा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर असेल तर तो टाळा. तो दिवसातून काही वेळा आतून गरम होतो, आणि तुमची अँटिबॉडी नकळत गोठत-वितळत राहते. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी हे दुप्पट महत्त्वाचं. तिथे अलिकॉटचा डबा जेल-पॅकांच्या मधोमध ठेवा आणि फ्रीझरवर तापमानाची नोंदवही लावा. ग्लिसरॉलमधली अँटिबॉडी उणे २० ला गोठत नाही, तिचे अलिकॉट नाही केले तरी चालतं.

नमुना: इथेच बहुतेक प्रयोग हरतात

रुग्णाचा नमुना घेण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती हवी. हातमोजे, हिपॅटायटिस-बीची लस, आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे विल्हेवाट. ‘नुसती लघवीच तर आहे’ असं म्हणून यातलं काही सोडू नका.

लघवी. मधल्या धारेची, स्वच्छ डब्यात. शक्यतो दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करा. १,००० ते २,००० जी, १० मिनिटं. वरचा द्रव काढून अलिकॉट करा आणि उणे ८० ला ठेवा. उणे २० ला महिनोन्‌महिने ठेवलेल्या लघवीतलं एनगॅल कमी होत जातं, तेव्हा जुन्या साठ्यातल्या नमुन्यांवर भरवसा ठेवण्याआधी ते कुठे ठेवले होते ते विचारा. सेंट्रिफ्यूज करायचं कारण साधं आहे: लघवीत पांढऱ्या पेशी असल्या आणि त्या गोठवताना फुटल्या, तर त्यांच्यातलं एनगॅल द्रवात मिसळतं आणि तुम्ही ते मूत्रपिंडाच्या नावावर जमा करता. याच कारणासाठी प्रत्येक नमुन्यावर साधी डिपस्टिक लावा आणि ल्युकोसाइटचा रकाना नोंदवा. मूत्रमार्गाचा संसर्ग असलेल्या व्यक्तीच्या लघवीत एनगॅल वाढतंच, मूत्रपिंड ठणठणीत असलं तरी.

थंडीत लघवीत पांढरट जाळं दिसतं. ते बहुधा युरोमोड्युलिन, लघवीतलं सर्वांत मुबलक प्रथिन. गार झालं की ते बसतं आणि दुसऱ्या प्रथिनांनाही सोबत ओढतं. वितळलेला नमुना आधी खोलीच्या तापमानाला आणा, नीट हलवा, मग पुन्हा थोडं फिरवून घ्या.

रक्त. सीरमपेक्षा ईडीटीए प्लाझ्मा घ्या. रक्त गोठताना न्यूट्रोफिल आपल्या कणिका रिकाम्या करतात, आणि सीरममधला आकडा फुगतो. एकाच अभ्यासात काही नमुने सीरम आणि काही प्लाझ्मा, असं झालं तर ते नमुने एकत्र मोजू नका.

पेशी. इथे मला स्वतःला महागात पडलेली गोष्ट सांगते. मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशींना दाह निर्माण करणारं इंटरल्युकिन-१ बीटा दिलं, पेशी फोडल्या, ब्लॉट केला. बँड पुसट. पुन्हा केलं, पुन्हा पुसट. तीन आठवडे मी अँटिबॉडीला दोष देत होते. मग एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, “अगं, हे प्रथिन पेशी बाहेर टाकते ना? मग पेशी ज्यात वाढवल्यास ते माध्यम कुठे गेलं?” माध्यम मी रोज सिंकमध्ये ओतत होते. एनगॅल स्रवणारं प्रथिन आहे. पेशींचं काम करताना माध्यम जपून ठेवा. शेवटचे २४ तास सीरम नसलेलं माध्यम द्या, नाहीतर सीरममधलं अल्ब्युमिन जेल भरून टाकतं. ते माध्यम दाट करून तेही ब्लॉटवर लावा.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून मानवी न्यूट्रोफिलचा अर्क सर्वांत उत्तम, पण त्यात प्रथिनं कापणारी विकरं खच्चून भरलेली असतात. प्रोटीएझ इनहिबिटर भरपूर घाला, सगळं बर्फावर करा, आणि लगेच सॅम्पल बफरमध्ये उकळा. न्यूट्रोफिल काढणं जमत नसेल तर ए५४९ या फुप्फुसाच्या पेशींना इंटरल्युकिन-१ बीटा द्या. त्यांच्यात एनगॅल वाढतं हे पक्कं ठाऊक आहे. नेमकं हेच वापरा, टीएनएफ-अल्फाने तसा परिणाम दिसत नाही. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून एलसीएन२, म्हणजे एनगॅलचं जनुक, काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या तर त्याहून चांगलं काही नाही.

वेस्टर्न ब्लॉट, पायरीपायरीने

पहिली अँटिबॉडी पहिल्यांदा वेस्टर्नवरच तपासावी, असं माझं मत. वजन दिसतं, म्हणजे ती योग्य प्रथिनाला धरते आहे का, हे डोळ्यांनी कळतं. अलायझा नुसता आकडा देते. तो कशाचा आहे ते सांगत नाही.

१. जेल १२ ते १५ टक्क्यांचं घ्या. जोड्याही बघायच्या असतील तर ४ ते २० टक्क्यांचं चढतं जेल.

२. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एकात बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी घाला, दुसऱ्यात नको. पहिल्यात जोड्या सुटतात आणि २५ किलोडाल्टनच्या आसपास एकच बँड यायला हवा. दुसऱ्यात २५, ४५ आणि १३५ यांपैकी जे खरोखर नमुन्यात आहेत ते दिसतात. दोन्ही प्रकार एकाच जेलवर लावले तर मध्ये एक-दोन रकाने रिकामे सोडा, डीटीटी बाजूला झिरपतं. आणि डेटाशीटवर ‘फक्त रिड्यूस न केलेल्या स्थितीत’ असं लिहिलं असेल तर ते मनावर घ्या.

३. मेम्ब्रेन पीव्हीडीएफ, ०.२ मायक्रॉनचं. ०.४५ चं चालतं, पण छोटी प्रथिनं त्यातून पलीकडे निघून जातात. वेट ट्रान्सफर १०० व्होल्टला तासभर पुरे. रात्रभर ट्रान्सफर करून एनगॅल गमावू नका. नंतर पॉन्सोने (सगळी प्रथिनं दाखवणाऱ्या लाल रंगाने) रंगवा आणि फोटो ठेवा.

४. ब्लॉकिंग, म्हणजे मेम्ब्रेनवरची रिकामी जागा भरून टाकणं, ५ टक्के स्किम्ड मिल्क पावडरीत, एक तास. अपवाद एक: तुमची अँटिबॉडी शेळीची असेल तर दूध टाळा. दुधात गायीच्या अँटिबॉडी असतात, गाय आणि शेळी जवळच्या नात्यातल्या, आणि शेळीविरुद्धची दुय्यम अँटिबॉडी त्यांनाही चिकटते. सगळं मेम्ब्रेन काळं होतं. तेव्हा अँटिबॉडी नसलेलं शुद्ध अल्ब्युमिन किंवा माशाच्या जिलेटिनचा ब्लॉकर वापरा.

५. प्राथमिक अँटिबॉडी मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम, ४ अंशांवर रात्रभर, हलत्या मंचावर.

६. टीबीएसटीने (धुण्याच्या बफरने) तीनदा, दर वेळी १० मिनिटं धुवा. दुय्यम अँटिबॉडी एक तास. पुन्हा तीनदा धुवा. मग केमिल्युमिनेसन्सचं द्रावण आणि फोटो. आधी १० सेकंदांचा, मग वाढवत न्या.

पहिल्याच ब्लॉटमध्ये एक पट्टी फक्त दुय्यम अँटिबॉडीची ठेवा. तिच्यावर जे बँड दिसतील ते एनगॅलचे नाहीत. लघवीच्या नमुन्यात, विशेषतः अल्ब्युमिन जात असलेल्या रुग्णाच्या, ६६ किलोडाल्टनला मोठा ठिपका दिसला तर दचकू नका, तो अल्ब्युमिनचा पसारा असतो. मात्र सशाची अँटिबॉडी असताना २५ ला बँड आला आणि नमुना इम्युनोप्रेसिपिटेशनचा, म्हणजे अँटिबॉडीनेच ओढून काढलेल्या प्रथिनाचा, असेल तर थांबा. अँटिबॉडीची हलकी साखळीही २५ किलोडाल्टनचीच असते. या दोघांची गल्लत झालेले ब्लॉट परिषदांमधल्या पोस्टरवरही दिसतात.

लघवीत अ‍ॅक्टिनसारखं लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या रकान्यांत सारखा नमुना गेला हे दाखवणारं प्रथिन, नसतं. सारखं आकारमान लावा किंवा सारख्या क्रिएटिनिनइतकी लघवी लावा, पण कोणतं केलं ते लिहा. इजेच्या पहिल्या तासांत क्रिएटिनिनचं उत्सर्जनच अस्थिर असतं, म्हणून मी दोन्ही आकडे सोबत ठेवते: मिलिलिटरमागचं एनगॅल आणि क्रिएटिनिनशी भागलेलं एनगॅल.

अलायझा

वेस्टर्नवर बँड पक्का झाला की मोजणी. सँडविच अलायझात दोन अँटिबॉडी लागतात: एक पकडणारी, एक दाखवणारी, आणि दोघींनी प्रथिनाच्या वेगवेगळ्या जागा धरायला हव्यात. स्वतःच जोडी जमवण्यापेक्षा सुरुवातीला एकत्र तपासलेली जोडी घ्या. पकडणारी अँटिबॉडी खळग्यामागे १०० मायक्रोलिटर, रात्रभर. ब्लॉकिंग १ टक्का अल्ब्युमिनने ३०० मायक्रोलिटर. मग नमुना दोन तास, दाखवणारी दोन तास, स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी २० मिनिटं अंधारात, टीएमबी (एचआरपीमुळे ज्याला रंग येतो ते द्रावण), आणि शेवटी ते थांबवायला सल्फ्युरिक आम्ल. वाचन ४५० नॅनोमीटरला, ५४० किंवा ५७० ची वजाबाकी करून. स्टँडर्डची (प्रमाण माहीत असलेल्या एनगॅलची) रेषा सरळ ओढू नका, चार-पॅरामीटरचा वक्र बसवा.

डेटाशीटवर ‘खोलीचं तापमान’ लिहिलेलं असतं, ते २० ते २५ अंश. मे महिन्यातल्या नागपूर-अकोल्याच्या प्रयोगशाळेत एसी बंद असेल तर खोलीचं तापमान म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. टीएमबीचा रंग १० मिनिटांत छताला भिडतो आणि वरचे सगळे स्टँडर्ड सारखेच दिसतात. प्लेट इन्क्युबेटरमध्ये २५ अंशांवर ठेवा, आणि वेळ घड्याळाने मोजा. कडेचे खळगे आधी सुकतात, म्हणून प्लेट झाकून ठेवा.

नमुना किती पातळ करायचा? निरोगी माणसाच्या लघवीत एनगॅल मिलिलिटरमागे काही ते काही दहा नॅनोग्रॅम असतं, इजा झालेल्या मूत्रपिंडाच्या लघवीत ते शेकड्यांत, कधी हजारांत जातं. एकच डायल्यूशन दोघांना पुरणार नाही. पहिल्या प्लेटवर चार-पाच नमुने १० पट, ५० पट, २५० पट आणि १,२५० पट पातळ करून लावा. गुणून आलेला मूळ आकडा सगळीकडे जवळपास सारखा यायला हवा. पातळ केल्यावर आकडा वाढत जात असेल, तर लघवीतलं काहीतरी अँटिबॉडीला अडवत आहे. दुसरी परीक्षा: नमुन्यात ठरावीक स्टँडर्ड मिसळा आणि परत किती मिळतं ते बघा. ८० ते १२० टक्के मिळालं तर ठीक.

एका कंपनीच्या अलायझाचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी थेट ताडून बघू नका. कोणाची अँटिबॉडी जोडी जास्त ओळखते, कोणाची एकेरी रूप. कोणाचं स्टँडर्ड मानवी पेशींत बनवलेलं, कोणाचं जिवाणूंत, म्हणजे शर्करा नसलेलं. शोधनिबंधातली मर्यादा उचलून आपल्या तक्त्याला लावणं ही फार नेहमीची चूक आहे.

ऊतींवर रंग द्यायचा असेल तर

मूत्रपिंडाच्या बायोप्सीवर काम करताना दोन सापळे आहेत. मूत्रपिंडात मुळातच बायोटिन खूप असतं, त्यामुळे बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची पद्धत वापरली तर सगळ्या नलिका खोट्याच तपकिरी होतात. पॉलिमरवर आधारित दुय्यम वापरा. ऊतीतलं स्वतःचं पेरॉक्सिडेझ आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने शांत करा.

दुसरा सापळा समजुतीचा आहे. एनगॅल बनतं ते मुख्यतः नेफ्रॉनच्या (मूत्रपिंडातल्या गाळण्याच्या सूक्ष्म एककाच्या) दूरच्या भागात: हेन्लेच्या वळणाचा जाड चढता भाग आणि संकलन नलिका. पण रक्तातून गाळून आलेलं एनगॅल जवळच्या नलिका मेगॅलिन या ग्राहक प्रथिनाच्या मदतीने परत आत ओढून घेतात. म्हणजे जवळच्या नलिकेत रंग दिसला तर तिथे एनगॅल आहे एवढंच खरं. तिथे ते बनलं, असं त्यावरून म्हणता येत नाही. ते म्हणायचं असेल तर आरएनएचा पुरावा हवा. छेदात एखादा न्यूट्रोफिल सापडला तर तो तुमचा आयता पॉझिटिव्ह कंट्रोल: तो गडद रंगलेला नसेल तर बाकी रंगावर विश्वास ठेवू नका.

आकडा आला, आता त्याचं काय करायचं

पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येतात, त्यातल्या काहींची मूत्रपिंडं बिघडतात. असे नमुने एनगॅलच्या अभ्यासासाठी साहजिकच मोहात पाडतात. पण त्या रुग्णाच्या अंगात जिवाणू आहे, ताप आहे, न्यूट्रोफिल खवळलेले आहेत. त्याच्या रक्तातलं एनगॅल मूत्रपिंड शाबूत असतानाही चढलेलं असणार. अशा अभ्यासात ताप आहे पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे, असा तुलनेचा गट हवाच. शिवाय लघवी आणि प्लाझ्मा एकाच वेळी घ्या, आणि काही नमुने रिड्यूस न करता ब्लॉटवर लावा: ४५ ची जोडी जोरात दिसली तर न्यूट्रोफिलचा वाटा मोठा आहे असा संशय धरायला जागा आहे.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट. तुमच्या कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं आहे. तिच्यावरून निघालेला आकडा रुग्णाच्या फाइलमध्ये जाता कामा नये, कुणी कितीही आग्रह केला तरी. रुग्णांसाठीच्या चाचण्या वेगळ्या असतात. भारतात त्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. अमेरिकेतही लघवीतल्या एनगॅलच्या चाचणीला मुलांसाठी मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे त्या ७१ मुलांच्या अभ्यासानंतर अठरा वर्षांनी. वॉर्डातले डॉक्टर कॉरिडॉरमध्ये थांबवून “त्या मुलाचा आकडा किती आला?” असं विचारतात तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं. विचारणाऱ्याला खरोखर त्या मुलाची काळजी असते. तरीही नाही म्हणा, आणि आपल्या मार्गदर्शकांना सांगा.

शेवटचा अलिकॉट उरला की नवी कुपी मागवायची वेळ झाली, असं समजू नका. तीन उरलेले असतानाच मागवा. नवा लॉट आला की जुना आणि नवा एकाच दिवशी, त्याच न्यूट्रोफिल अर्कावर आणि त्याच चार लघवी नमुन्यांवर शेजारी शेजारी चालवा. त्यासाठी पहिल्याच महिन्यात एका मोठ्या नमुन्याचे चाळीसेक छोटे अलिकॉट करून उणे ८० ला वेगळ्या डब्यात ठेवून द्या, आणि डब्यावर ठळक लिहा: लॉट तपासणीसाठी, इतर कामाला वापरू नये.